साहेबाने बांधलेला पूल

कर्जतला गाडीच्या मागे इंजिने जोडतात तेव्हा डब्याला एक हलकासा धक्का बसतो. तो धक्का बसला की आपल्या मराठी माणसाला तीन गोष्टी हटकून आठवतात. पहिली म्हणजे बटाटावडा, दुसरी खिडकीजवळची जागा, आणि तिसरे ते एक वाक्य, ज्याच्याविरुद्ध आज मी ऐन दिवाळीत लेखणी हातात घेतली आहे. गाडी घाटाला लागते. पहिला बोगदा येतो, पोरे ओरडतात, बोगदा संपतो, अंगाला दरी उघडते आणि गाडी पुलावर येते. मग डब्यातला कोणी पोक्त, चष्मेवाला गृहस्थ खिडकीबाहेर पाहत, जणू तो पूल आपण स्वतः उभे राहून बांधून घेतला अशा थाटात म्हणतो, ‘‘काही म्हणा, साहेबाने बांधला म्हणून टिकला!’’

समोरचा मान डोलावतो. शेजारच्या बाई ‘‘नाहीतर आपल्याकडची कामं!’’ म्हणून सुस्कारा सोडतात. कोणी गेल्या पावसात खचलेल्या रस्त्याची आठवण काढतो. आणि डब्याचे एकमत होते. मराठी माणसांचे एकमत होण्याचे प्रसंग मुळात थोडे. त्यांतला एक मोडायला निघालो आहे याचे मला वाईट वाटते. पण इलाज नाही, कारण ते वाक्य खोटे आहे. ‘साहेबाने बांधला’ हे खोटे आहे, आणि ‘म्हणून टिकला’ हे तर त्याहून खोटे आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत आम्ही सहकुटुंब खंडाळ्याला गेलो होतो. बरोबर माझी धाकटी बहीण, तिचे यजमान आणि त्यांचा नऊ वर्षांचा चिरंजीव. पाऊस नुकताच सरलेला होता. डोंगर अजून हिरवे होते, गवताची टोके तेवढी पिवळी पडू लागली होती, आणि कड्यांवरून येणारे धबधबे आता दोऱ्यासारखे बारीक झाले होते. नागफणीचे सुळके स्वच्छ दिसत होते. आम्ही एका कड्यावर उभे राहिलो. पलीकडच्या डोंगरात एक गाडी बोगद्यातून बाहेर पडली, दगडी पुलावरून हळूहळू सरकली आणि पुढच्या बोगद्यात शिरली. काळ्या दगडाचे ते खांब दरीतून असे वर आलेले होते की ते डोंगराचेच आहेत की माणसाने उभारलेले आहेत, हे क्षणभर कळू नये. कड्यावर पन्नास-साठ माणसे होती. त्यांतली चाळीस तरी पुलाकडे पाठ करून उभी होती. पूल मागे आणि आपण पुढे, असा फोटो काढायचा असेल तर पाठ फिरवावीच लागते.

माझे मेहुणे मात्र पुलाकडे तोंड करून उभे होते. त्यांनी दीर्घ श्वास घेतला. मी मनात म्हटले, आले! आणि ते वाक्य आलेच. ‘‘दादा, काही म्हणा, साहेबाने बांधला म्हणून टिकला.’’

त्यांच्या चिरंजीवांनी हातातले कणीस खाणे थांबवून मला विचारले, ‘‘मामा, साहेब किती होते?’’

कड्यावरच्या एवढ्या मोठ्या माणसांत हा प्रश्न कोणाला सुचला नव्हता. मला उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर चार पुस्तके काढून बसलो. जे हाती लागले ते त्या मुलाला सांगितलेच. पण त्याच्या वडिलांना आणि तुम्हांला सांगणे त्याहून अगत्याचे आहे.

आधी साहेबाचे देणे चुकते करू. १६ एप्रिल १८५३ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, हे शाळेतली पोरेही सांगतात. ठाण्यापर्यंत जाणे सोपे होते. पुढे सह्याद्री आडवा होता. दख्खनचा कापूस मुंबईच्या धक्क्यावर आणायचा तर हा डोंगर चढून उतरल्यावाचून गत्यंतर नव्हते. कंपनीचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने बोरघाट, म्हणजे आपला खंडाळ्याचा घाट, पुनःपुन्हा मोजून काढला आणि मार्ग आखला. जवळजवळ १६ मैलांत १,८३१ फूट चढायचे. काही ठिकाणी चढ असा की ३७ फूट पुढे गेले की एक फूट वर. तेव्हाच्या त्या मार्गावर २५ बोगदे आणि ८ मोठे पूल. एका ठिकाणी डोंगराने वळायलाच जागा दिली नाही, तेव्हा बर्कलीने उलटे स्टेशन काढले. गाडी एका टोकापर्यंत जायची, तिथे इंजिन एका बाजूचे दुसऱ्या बाजूला लावायचे आणि जी शेवटी होती ती बाजू पुढे करून गाडी वर चढायची. ही बुद्धी साहेबाची होती, आणि ती मोठी होती. बर्कली १८६२ च्या ऑगस्टमध्ये वारला. घाटातून जाणारी गाडी पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. त्याच्याविषयी मला आदर आहे. हे एवढ्यासाठी सांगतो की पुढचे वाचून कोणी मला ‘इंग्रजांचे नाव काढले की अंगावर येणारा म्हातारा’ म्हणू नये.

पण नकाशावरून गाडी चालत नाही. नकाशा कागदावर होता आणि डोंगर जागच्या जागी होता. तो फोडला कोणी?

काम सुरू झाले १८५६ च्या जानेवारीत. खाली खोपोलीपर्यंत गाडी येत होती. वर खंडाळ्याहून पुण्याला १८५८ च्या जूनमध्ये गाडी सुरू झाली. मधला घाट प्रवाशांनी बैलगाडीने, तट्टावर किंवा पालखीतून पार करायचा. त्या पालखीतून डोके बाहेर काढून पाहणाऱ्या प्रवाशाला उघड्या कातळावर माणसे चिकटलेली दिसत. जिथे पाय ठेवायला जागा नाही अशा कड्यावर माणूस वरून दोराने खाली सोडायचा. त्याने एका हाताने दोर सांभाळायचा, पहारीने दगडात भोक पाडायचे, त्यात सुरुंगाची दारू ठासायची, बत्ती द्यायची आणि मग वरच्यांनी त्याला ओढून घ्यायचे. वेळेवर ओढले तर. फुटलेला दगड छिन्नी-सुतकीने घडवायचा, माती-मुरूम टोपलीत भरायचा आणि टोपली डोक्यावर घ्यायची. भरावासाठी अशी लक्षावधी घनयार्ड माती आणि दगड हलवला गेला. ज्या पुलाच्या कमानींकडे पाहून आपण ‘वा!’ म्हणतो तिथला चिरा न् चिरा कोणाच्या तरी हातातून गेलेला आहे.

हे हात किती होते? १८६१ साली या एका घाटावर ४२,००० माणसे कामाला होती. आकडा पुन्हा वाचा. बेचाळीस हजार! त्या काळी आपल्याकडे पुष्कळ तालुक्यांच्या गावांतदेखील एवढी वस्ती नव्हती. त्यांत पिढ्यान् पिढ्या दगड-मातीचे काम करणारे वडार होते, घाटावरचे आणि कोकणातले शेतकरी होते, दूरदूरच्या मुलखांतून आलेले मजूर होते. बायका होत्या, आणि ज्या वयात आमचे चिरंजीव कणीस खात साहेब मोजत होते त्या वयाची पोरे होती. पावसाळा लागला की काम आटोपायचे, पाऊस संपला की पुन्हा माणसे गोळा करायची. असे आठ हंगाम चालले. तेव्हा बाळ, साहेब किती होते याचे उत्तर असे: आखणारे, हिशेब ठेवणारे आणि देखरेख करणारे मूठभर, बांधणारे बेचाळीस हजार.

आता या बेचाळीस हजारांचे काय झाले ते ऐका, आणि हातातली करंजी क्षणभर बाजूला ठेवा. डोंगरात गवताच्या झोपड्या, पिण्याला साचलेले पाणी, आणि एकाला पटकी झाली की सगळी वस्ती आडवी. वरून पडणारे धोंडे, अवेळी उडणारे सुरुंग, बोगद्यात कोसळणारी छपरे. या घाटाच्या कामात मेलेल्यांचे इतिहासकारांनी केलेले अंदाज चोवीस-पंचवीस हजारांपर्यंत जातात. अंदाजच, कारण हिशेब ठेवण्यात कंपनी चोख असली तरी ही नोंद ठेवण्याचे कोणाला कारण वाटले नाही. दगडाचे घनयार्ड मोजले गेले, चुना मोजला गेला, पैन् पैचा खर्च मोजला गेला. माणसे मोजायची राहून गेली.

आणि ही माणसे मुकी होती असेही समजू नका. ‘बिचारे अडाणी, राबले आणि मेले’ एवढ्यावर आपण त्यांची बोळवण करतो, तेही मला मान्य नाही. पहिला ठेका विल्यम फॅव्हिएल नावाच्या इंग्रज ठेकेदाराकडे होता. त्याच्याखाली पोटठेकेदार, त्यांच्याखाली मुकादम. वरून निघालेला पैसा खाली येईपर्यंत वाटेतच जिरायचा. मजुरी थकू लागली. १८५९ च्या जानेवारीत घाटातले मजूर आपल्या घामाचे पैसे मागत उठले, गोऱ्या अधिकाऱ्यांवर चालून गेले, मोठी दंगल झाली. १८५७ ची धामधूम होऊन दोन वर्षेही झाली नव्हती, आणि सह्याद्रीच्या कपारीत फाटकी माणसे साहेबासमोर उभी राहून हिशेब मागत होती! मार्चमध्ये फॅव्हिएलने काम सोडले. चौकशी झाली. १८६० साली मालक-मजुरांच्या तंट्यांसाठी नववा कायदा आला. त्याने थकलेल्या मजुरीचा दावा मॅजिस्ट्रेटपुढे झटपट मांडता येऊ लागला खरा, पण त्याच कायद्याने काम अर्ध्यावर टाकून जाणाऱ्या मजुराला तुरुंगही दाखवला. एका हाताने दिले, दुसऱ्याने काढून घेतले. आमच्या शालेय पुस्तकांत गाडीची पहिली तारीख आहे, इंजिनाचे चित्र आहे. घाटातल्या या उठावाला मात्र एका ओळीची जागा नाही.

फॅव्हिएलनंतर काही महिन्यांनी ठेका सॉलोमन ट्रेडवेल याला मिळाला. तो मुंबईला उतरला आणि आजारी पडून थोड्याच दिवसांत वारला. तेव्हा त्याच्या विधवेने, अॅलिस ट्रेडवेलने, ठेका स्वतःच्या नावावर घेतला आणि अनुभवी अभियंत्यांच्या हाती कारभार देऊन काम तडीस नेले. परक्या देशात, नवऱ्याचे दुःख ताजे असताना असे काम अंगावर घेणे ही सामान्य गोष्ट नव्हे. या बाईचे नाव इतिहासात राहिले आहे, राहावे. पण तिच्याच ठेक्यावर पाठीला पोर बांधून डोक्यावरून दगड वाहणाऱ्या ज्या हजारो बायका होत्या, त्यांच्यातल्या एकीचे तरी नाव कोणी सांगेल का? विधवा त्यांच्यातही झाल्या होत्या. पाटी खाली ठेवून त्यांनी नवऱ्याला माती दिली आणि पुन्हा पाटी उचलली. त्यांची नोंद नाही.

‘‘बरं, मजुरी आपल्या लोकांनी केली असेल, पण पैसा तर इंग्रजांनी घातला ना?’’ हा मेहुण्यांचा पुढचा बुरुज. तोही ढासळवू. कंपनीचे भागभांडवल विलायतेतले होते, हे खरे. पण १८४९ च्या कराराने सरकारने कंपनीला शेकडा ५ टक्के व्याजाची हमी दिली होती आणि जमीन फुकट दिली होती. गाडीला नफा झाला तर भागधारकाचा. तो ५ टक्क्यांहून कमी पडला तर तूट सरकारी तिजोरीतून भरून द्यायची. आणि सरकारी तिजोरीत पैसा कोठून येत होता? शेतसाऱ्यातून, मिठावरच्या करातून. म्हणजे ज्या कुणब्याने आयुष्यात आगगाडी पाहिली नव्हती तो, मिठाचा खडा विकत घेताना, लंडनमधल्या कुणा पेन्शनर मेजरसाहेबाच्या व्याजाची सोय करीत होता. धोका आपला, घाम आपला, मरण आपले. आणि पूल कोणाचा म्हणाल तर साहेबाचा!

आता वाक्याचा उत्तरार्ध: ‘म्हणून टिकला’.

याच घाटात ‘म्हौ-की-मल्ली’ नावाचा आठ कमानींचा एक देखणा दगडी पूल होता. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटाचे थाटामाटात उद्घाटन झाले तेव्हा तो पूल होता. १९ जुलै १८६७ रोजी तो नव्हता. पुरता कोसळला! उद्घाटनाला अवघी चार वर्षे आणि तीन महिने झाले होते. आणि ही एकट्या पुलाची गोष्ट नव्हती. त्या सुमारास कंपनीच्या मार्गावरचे आणखीही कित्येक पूल सदोष निघाले, दुरुस्त करावे लागले, काही पुन्हा बांधावे लागले. कारणे चौकशीत बाहेर आली ती आपल्याला परकी वाटू नयेत. काम घाईचे. देखरेख अपुरी. पोटठेकेदारांची साखळी लांबलचक. बाहेरून घडीव चिऱ्यांचा सुबक मुखवटा आणि आत निकृष्ट भरणा. वर्तमानपत्रात ही बातमी तारीख काढून छापली तर तुम्ही म्हणाल, ही गेल्या आठवड्यातली!

म्हणजे ‘साहेबाच्या काळात भ्रष्टाचार नव्हता, साहेबाच्या काळात काम चोख होते’ ही जी जपमाळ आपण ओढतो, तिचा पहिलाच मणी फुटका आहे. साहेबाने बांधलेले सगळे टिकले असे आपल्याला वाटते, कारण जे पडले ते आपल्याला दिसत नाही. पडलेल्या पुलासमोर उभे राहून कोणी फोटो काढत नाही. आजीच्या हातचे लोणचे कधी बिघडत नसे असे आपण म्हणतो, कारण बिघडलेली बरणी आजीने कोणाला न दाखवता परसात ओतलेली असते. तसेच हे.

आणि जो टिकला, तो तरी कशाने टिकला? पूल बांधून ठेवला आणि विसरून गेले, असे घाटात एक वर्षही झालेले नाही. १९२९ साली मार्गच बदलला, उलटे स्टेशन गेले, वीज आली आणि १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन धावू लागली. आजही पावसाळ्याच्या तोंडाशी माणसे कड्यांवर चढतात, सैल झालेले धोंडे हेरतात आणि पहारीने खाली पाडतात. नाहीतर ते एखाद्या रात्री आपण होऊन गाडीवर यायचे. मुसळधार पावसात, हातात बॅटरी घेऊन, रुळांच्या कडेने गँगमन चालत जातो. २०१९ च्या पावसात मंकी हिलजवळ मार्ग खचला तेव्हा याच दरीत, याच उतारावर, महिनोन् महिने आजच्या माणसांनी काम करून तो पुन्हा उभा केला. डब्यात पांघरूण घेऊन झोपलेल्या आपल्याला त्याचा पत्ता नसतो. सकाळी पुणे आले की आपण उठतो, आळस देतो आणि म्हणतो, साहेबाने बांधला म्हणून टिकला.

इथवर वाचून दुसऱ्या पक्षाचे वाचक खूश झाले असतील. ‘छान झोडलेत हो इंग्रजांना!’ म्हणून ते मला पत्र लिहिण्याच्या बेतात असतील. त्यांनी जरा थांबावे. कारण आपल्याकडे दुसरीही एक जात आहे. साहेबाचे नाव आले की ती एकदम शिंगरोबाचे नाव काढते. जुन्या रस्त्याने घाट चढताना शिंगरोबाचे देऊळ लागते. लोक गाडी थोडी हळू करून तिथे नाणे टाकतात. गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. साहेबांना घाटाची वाट सापडेना. शिंगरोबा नावाच्या धनगराने ती दाखवली. बक्षीस काय हवे विचारल्यावर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले, आणि साहेबाने त्याला गोळी घातली. कोणी ही गोष्ट सडकेची म्हणून सांगतो, कोणी आगगाडीची.

या गोष्टीला कागदाचा आधार मागत बसणारा मी नाही. लोकांनी दीडशे वर्षे जी गोष्ट जपली, तिला विचारायचे ते निराळेच. ही गोष्ट लोकांना सांगावीशी का वाटली? मला वाटते, ज्या हजारोंना कोणी नाव दिले नाही, त्या सर्वांना मिळून लोकांनी एक नाव दिले: शिंगरोबा. वाट दाखवली आपल्या माणसाने, आणि मोबदल्यात त्याला मरण मिळाले. घाटाच्या कामाची गोष्ट याहून थोडक्यात आणि याहून खरी कशी सांगणार? पण नाणे टाकून, हात जोडून, गिअर बदलून आपण पुढे जातो, तिथे मात्र आपले चुकते. देव केला की माणसाची चौकशी संपते. शिंगरोबाला नाणे टाकणाराच पुढच्या वळणावर दरीतला पूल पाहून साहेबाची स्तुती करतो, आणि त्याला यात काही विसंगत वाटत नाही! शिंगरोबा देवळात आणि साहेब पुलावर. मजूर कुठेच नाही.

माझ्या बहिणीने हे सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘‘दादा, अरे चार दिवस सहलीला जायचं, तिथेही मेलेल्या माणसांचा हिशेब कशाला? पोरांना मजा करू दे की.’’

तिचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. घरोघरी हीच अडचण असणार. पण मला सांगा, मजा कमी होते का? मी त्या मुलाला जेव्हा दोराला लटकलेल्या माणसाची, एका बाजूचे इंजिन दुसऱ्या बाजूला लावणाऱ्या उलट्या स्टेशनाची, नवऱ्यामागे ठेका चालवणाऱ्या बाईची, हक्काचे पैसे मागत साहेबावर चालून जाणाऱ्या मजुरांची गोष्ट सांगितली, तेव्हा त्याचे कणीस गार झाले तरी त्याला भान नव्हते. ‘मग?’ ‘मग पुढे?’ एवढेच तो विचारत होता. पुलाला पाठ करून उभ्या असलेल्या चाळीस मोठ्या माणसांपेक्षा त्याला पूल जास्त दिसला असे मी म्हणेन. आपण पोरांना मजेच्या नावाखाली नुसता देखावा दाखवतो. देखावा दोन मिनिटांत शिळा होतो. गोष्ट पोर घरी घेऊन जाते.

तेव्हा माझ्या मागण्या थोड्याच आहेत, आणि दिवाळीत मागणे हा आपल्याकडे गुन्हा नाही. खंडाळ्याच्या स्टेशनावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा जागी एक काळा दगड बसवावा. दगड घाटातलाच असावा. त्यावर कोणा मंत्र्याचे नाव नको, उद्घाटकाचे नको. ‘१८५६ ते १८६३ या काळात हा घाट ज्यांनी फोडला आणि जे इथेच राहिले, त्यांच्यासाठी’, एवढे लिहिले तरी पुरे. शाळांच्या सहली दरसाल घाटात येतात. शिक्षकांनी गाणी म्हणण्याच्या आधी दहा मिनिटे ही हकिकत सांगावी. आणि तिसरी मागणी तुमच्याकडे. ते वाक्य सोडा. ‘साहेबाने बांधला म्हणून टिकला’ हे वाक्य आपण पोरांच्या देखत म्हणतो, तेव्हा त्यांना एकच शिकवतो: आपल्या हातून चांगले काही होत नाही, आणि झालेच असेल तर ते दुसऱ्या कोणाचे असते. ज्या समाजाला आपले हात आठवत नाहीत तो आजच्या ठेकेदाराला जाब काय विचारणार? १८५९ साली उपाशीपोटी माणसांनी जाब विचारला. आपण पोटभर वडे खाऊन साहेबाची आठवण काढतो.

मेहुण्यांशी माझा वाद परतीच्या प्रवासातही चालू होता. ते माघार घेणाऱ्यांतले नाहीत. ‘‘दादा, मान्य, पण तरी...’’ हे त्यांचे पालुपद. खंडाळा सुटले. गाडी घाट उतरू लागली. बोगदा, दरी, पुन्हा बोगदा. गाडी पुलावर आली, खाली उन्हात झाडी चमकली. समोरच्या बाकावरचे एक अनोळखी गृहस्थ चष्मा सावरत खिडकीबाहेर पाहू लागले. मला लक्षण ओळखीचे होते.

‘‘काही म्हणा,’’ ते म्हणाले, ‘‘साहेबाने बांधला म्हणून...’’

‘‘साहेबाने नकाशा काढला हो!’’ माझे मेहुणे एकदम म्हणाले. मी चकित होऊन त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. ‘‘बांधला बेचाळीस हजार माणसांनी. आणि एक पूल तर चार वर्षांत पडला. ठाऊक आहे का तुम्हांला?’’

गृहस्थांना ठाऊक नव्हते. ते जरा सरकून बसले. कर्जत येईपर्यंत मेहुण्यांनी त्यांना सगळे सांगितले, थोडे माझ्याहून तिखटमीठ लावून. मग गाडी थांबली, वडेवाले खिडकीशी आले, आणि त्या दोघांनी एका कागदात चार वडे घेतले.